टॅपेट का वाजतात?

समजा तुम्ही येलदरीला राहता. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील हे गाव पूर्णा नदीवरच्या मोठ्या धरणामुळे सर्वांना ठाऊक आहे. हिवाळ्यातील सकाळ आहे. जलाशयावरून गार वारा येत आहे. शेजारच्या अंगणात दादाने वडिलांची जुनी बुलेट बाहेर काढली आहे. दोन-तीन किका मारताच इंजिन सुरू होते. धप्, धप्, धप्! हा आवाज तर नेहमीचाच. पण आज त्याच्याबरोबर आणखी एक बारीक आवाज ऐकू येतो. टिक्, टिक्, टिक्! कोणी पितळी भांड्यावर खिळ्याने टिचक्या माराव्यात तसा.

ओसरीवर बसलेले काका म्हणतात, "टॅपेट वाजायलेत की रे! चांगले आवळून टाक, म्हणजे आवाज बंद."

दादा पाने शोधू लागतो. आता तुम्ही सांगा, काकांचा सल्ला बरोबर आहे का?

लगेच 'हो' म्हणू नका. आवाज टॅपेटचाच आहे, हे काकांचे म्हणणे खरे. पण आवाज नाहीसा होईपर्यंत टॅपेट आवळले, तर इंजिन काही दिवस अगदी गुपचूप चालेल आणि मग एक दिवस त्याची झडप जळून जाईल. गुपचूप चालणारे इंजिन वाजणाऱ्या इंजिनापेक्षा अधिक धोक्यात असू शकते! असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे. 'उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात' हे वाक्य तुम्ही पाठ केले आहे ना? तेच वाक्य या इंजिनात रोज कसे खरे ठरते, ते आता पाहू या.

इंजिनाची दोन दारे

येलदरीचे धरण तुम्ही पाहिले असेल. पाणी अडवायचे असले की दरवाजे बंद करतात, सोडायचे असले की उघडतात. दरवाजा आपल्या जागी नीट बसला नाही, तर त्याच्या कडेने पाण्याची चिळकांडी उडते. आत पाण्याचा दाब जितका जास्त, तितकी ती जोरात उडते. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

बुलेटच्या इंजिनालाही अशी दोन दारे आहेत. त्यांना झडपा म्हणतात. पावसाळी छत्रीसारखा त्यांचा आकार असतो. खाली गोल चकती आणि तिच्यावर लांब दांडी. एका झडपेतून पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरात येते. ही प्रवेश झडप. दुसरीतून जळालेला वायू बाहेर जातो. ही उत्सर्जन झडप.

सिलिंडरातील दट्ट्या चार धावांत एक काम पुरे करतो. पहिल्या धावेत तो खाली जातो, प्रवेश झडप उघडते आणि मिश्रण आत येते. दुसऱ्या धावेत दोन्ही झडपा बंद असतात व दट्ट्या वर येऊन मिश्रण दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. ही तिसरी धाव. चौथ्या धावेत उत्सर्जन झडप उघडते आणि दट्ट्या वर येता येता धूर बाहेर काढतो. या चार धावांत मुख्य दंडाचे, म्हणजे क्रँकचे, दोन फेरे होतात.

आता थोडे गणित करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. दोन फेऱ्यांत झडप एकदा उघडते. म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि २५ वेळा मिटते. तासभर गाडी अशी चालली, तर ९०,००० वेळा! आणि दर वेळी ती आपल्या जागी बिनचूक बसली पाहिजे.

झडपेला उघडतो कोण?

झडपेला बंद ठेवण्याचे काम मजबूत स्प्रिंगकडे असते. उघडण्याचे काम कॅमचे. कॅम म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेली चकती. अंड्याच्या छेदासारखी ती दिसते. क्रँकच्या निम्म्या वेगाने ती फिरते. म्हणूनच क्रँकच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडते.

कॅम खाली क्रँकजवळ आणि झडप वर सिलिंडरच्या डोक्यात, म्हणजे हेडमध्ये. मग निरोप वर पोहोचवायचा कसा? त्यासाठी एक साखळी आहे. कॅमवर टॅपेट नावाचा लहान दांडा टेकलेला असतो. फुगवटा खाली आला की टॅपेट वर उचलला जातो. टॅपेटवर एक लांब कांडी उभी असते, तिला पुशरॉड म्हणतात. ती वर जाते आणि रॉकरचे एक टोक उचलते. रॉकर म्हणजे मुलांच्या बागेतील सी-सॉ समजा. त्याचे एक टोक वर गेले की दुसरे खाली येते आणि झडपेच्या दांडीवर दाब देते. स्प्रिंग दबते, झडप उघडते. फुगवटा पुढे सरकला की स्प्रिंग झडपेला पुन्हा वर ओढते आणि दार बंद होते.

कॅम, टॅपेट, पुशरॉड, रॉकर, झडप. या साखळीतील प्रत्येक कडी धातूची आहे. धातू तापला की लांबतो. खरी गंमत येथे सुरू होते.

गप्प बसलेला धोका

समजा, इंजिन थंड असताना आपण ही साखळी घट्ट आवळून बसवली. कॅमचा फुगवटा दूर आहे, तरी पुशरॉड रॉकरला रेटून उभी आहे. अशा वेळी स्प्रिंगने कितीही ओढले, तरी झडप पूर्ण मिटणार नाही. एखाद्या दाराच्या फटीत पाटी अडकावी तसे होईल.

फट अगदी बारीक असेल, केसाएवढी. मग काय बिघडले? धरणाच्या दरवाज्याची आठवण करा. तेथे कडेने पाणी उडते. येथे काय उडेल? सिलिंडरात पेट्रोल पेटते तेव्हा ज्वाळेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. तो वायू मोठ्या दाबाखाली असतो. त्याला केसाएवढी फट मिळाली, की तो तेथून सुसाट बाहेर पडतो आणि वेल्डिंगवाल्याच्या ज्योतीप्रमाणे झडपेची कड कापीत जातो.

दुसरे संकट याहून मोठे आहे. उत्सर्जन झडप जळत्या वायूच्या वाटेतच उभी असते. तिची चकती लाल होण्याइतकी तापू शकते. तिला थंड कोण करते? तिच्याभोवती पाणी नाही, वारा नाही. ती मिटते तेव्हा हेडमधील धातूच्या कड्यावर टेकते. या कड्याला झडपेची बैठक म्हणतात. टेकलेल्या त्या थोड्या वेळात झडपेची बहुतेक उष्णता बैठकीत जाते. तेथून ती हेडच्या पंखांकडे आणि पंखांकडून वाऱ्यात जाते. गरम चहाचा पेला थंड पाण्याच्या परातीत टेकवून ठेवला की निवतो, तसेच हे आहे. झडप बैठकीवर टेकलीच नाही, तर तिची उष्णता जायची वाट बंद झाली. ती अधिक तापते. अधिक तापली की अधिक लांबते. अधिक लांबली की बैठकीपासून आणखी दूर राहते. संकट स्वतःलाच वाढवीत जाते!

आणि या सर्व काळात आवाज? काहीच नाही. साखळीत मोकळीकच नाही, तर टिक् कोठून होणार? दादाला फक्त एवढे जाणवेल, की गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, किक मारताना पायाला पूर्वीसारखा विरोध लागत नाही, चढावर ओढ कमी पडते. तोवर झडपेची कड खाल्लेली असते.

आता उलट बाजू पाहा. साखळी जास्त सैल असली तर काय होते? फुगवटा आला, की आधी मोकळीक संपते आणि मग रॉकर झडपेवर आपटतो. तोच टिक् आवाज. झडप थोडी उशिरा उघडते, थोडी लवकर मिटते आणि पुरेशी उघडत नाही. मिश्रण कमी येते, धूर नीट जात नाही, ताकद घटते. आपटून आपटून टोके झिजतात. हेही वाईटच. पण येथे इंजिन ओरडून तक्रार तरी करते.

आणखी एक गोष्ट. टॅपेट, पुशरॉड व रॉकर यांची टोके झिजली की साखळी सैल होते. पण झडप आणि तिची बैठक झिजली, तर झडप थोडी वर सरकते आणि साखळी आपोआप घट्ट होत जाते. म्हणजे कोणी हात लावला नाही, तरी वाजणारे इंजिन हळूहळू शांत होऊ शकते. "बरे झाले, आवाज गेला!" असे म्हणून स्वस्थ बसू नये, ते यासाठी.

बुलेटचे कोडे

तर मग थंड इंजिनात थोडी फट सोडावी, म्हणजे तापल्यावर लांबायला जागा राहील. बहुतेक इंजिनांत असेच करतात. पण जुन्या बुलेटची हस्तपुस्तिका काय सांगते पाहा. 'इंजिन थंड असताना फट शून्य ठेवा!' हे कसे?

त्याआधी ही बुलेट कोणती ते सांगतो. रॉयल एन्फील्ड ही मुळात इंग्लंडातील रेडिच गावची कंपनी. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकारने सैन्यासाठी तिची ३५० सीसीची बुलेट निवडली. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. पुढे इंग्लंडातील कारखाना बंद पडला, पण मद्रासचा चालूच राहिला. मूळ रचनेचे हे इंजिन, ओतीव लोखंडाचे सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचे हेड असलेले, कितीतरी दशके येथे बनत होते. सिलिंडरचा व्यास ७० मिमी. आणि दट्ट्याची धाव ९० मिमी. यावरून सिलिंडरचे घनफळ तुम्हीच काढून पाहा. ३४६ घन सेंमी. आले ना?

आता कोडे सोडवू. इंजिन तापते तेव्हा एकटी झडपच लांबत नाही. सिलिंडर आणि हेडही उंच होतात. रॉकर हेडवर बसवलेला आहे. तेव्हा हेड वर गेले की रॉकरही वर जातो आणि पुशरॉडपासून दूर होऊ लागतो. म्हणजे साखळी सैल होते! पुशरॉडही तापते आणि लांबते, पण ती ज्वाळेपासून दूर असल्याने कमी तापते.

आकड्यांत पाहू. तापमान १ अंशाने वाढले, तर १ मीटर लांबीचा ओतीव लोखंडाचा दांडा सुमारे ०.०११ मिमी., पोलादाचा ०.०१२ मिमी. आणि ॲल्युमिनियमचा ०.०२३ मिमी. लांबतो. उदाहरणासाठी सोयीची मापे घेऊ. ती प्रत्यक्ष इंजिनाची नाहीत, केवळ हिशेबापुरती आहेत.

लोखंडी सिलिंडर १२० मिमी. आणि वरचे ॲल्युमिनियमचे हेड ८० मिमी. धरा. दोघे १५० अंशांनी तापले. सिलिंडर सुमारे ०.२० मिमी. वाढला, हेड सुमारे ०.२८ मिमी. वाढले. एकूण ०.४८ मिमी. आता पुशरॉड. ती २०० मिमी. लांब आहे आणि ७० अंशांनीच तापली असे समजा. ती पोलादाची असती, तर ०.१७ मिमी. लांबली असती आणि ०.३१ मिमी.ची मोठी फट पडली असती. पण बुलेटची पुशरॉड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. ती ०.३२ मिमी. लांबते. फट उरली ०.१६ मिमी.

ॲल्युमिनियमची कांडी वापरण्यात असा दुहेरी फायदा आहे. ती हलकी असल्याने भराभर वर-खाली होऊ शकते आणि सिलिंडर वाढला की तीही त्याच्या मागोमाग वाढते. झडपेची दांडीही तापून लांबते व या उरलेल्या फटीतला काही भाग खाते. तरीही शेवटी थोडी फट शिल्लक राहते. म्हणून या इंजिनात थंडपणी शून्य फट चालते. चालू लागले की लागणारी फट ते स्वतःच तयार करते.

मात्र शून्य म्हणजे नेमके शून्य. शून्याच्या खाली गेलात, म्हणजे थोडे जरी आवळलेत, तर झडप अडकून राहील. काकांचा सल्ला येथे चुकतो.

दादाच्या शेजारी बसून

आता प्रत्यक्ष काम पाहू. हे काम मोठ्या माणसाच्या सोबतीनेच करायचे. तुम्ही शेजारी बसा, पाने हातात द्या आणि कारणे विचारा.

पहिली अट ही, की इंजिन पूर्ण थंड हवे. आदल्या रात्रीपासून ते चालू केलेले नसावे. कालच्यासारखे सकाळी सुरू करून पाहिले असेल, तर आज हात लावू नका. गाडी सावलीत उभी असावी. येलदरीच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या गाडीची एक बाजू चटका बसण्याइतकी तापते. आपल्याला सगळे भाग एकाच तापमानाचे हवे आहेत, तरच 'शून्य' या शब्दाला अर्थ आहे.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. किल्ली बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा. स्पार्क प्लगभोवतीची धूळ पुसून मग प्लग काढा. आता इंजिन चुकूनही सुरू होणार नाही आणि हाताने सहज फिरेल.

सिलिंडरच्या उजव्या बाजूला एक लहान झाकण दिसेल. ते एकाच नटाने बसवलेले असते. खाली फडके धरा, थोडे तेल गळेल. झाकण काढले, की आत दोन पुशरॉडचे पाय शेजारी शेजारी उभे दिसतील. एक प्रवेश झडपेची, एक उत्सर्जन झडपेची.

आता दोन्ही झडपा मिटलेल्या असतील अशा जागी इंजिन आणायचे. गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचे चाक हाताने सावकाश पुढे फिरवा. बोटे साखळी आणि आरे यांपासून दूर ठेवा. दुसऱ्याने प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. दट्ट्या मिश्रण दाबण्याच्या धावेत आला, की आतली हवा अंगठ्याला बाहेर ढकलील. 'फुस्स' आवाज येईल. आता अंगठा काढा आणि भोकातून शरबताची लांब नळी अलगद सोडा. दट्ट्या जसजसा वर येईल, तसतशी नळी वर येईल. ती थांबून पुन्हा खाली जाऊ लागण्याच्या क्षणी थांबा. दट्ट्या सर्वांत वर आहे. नळीऐवजी खिळा किंवा काडी घालू नका, आत पडली तर मोठे काम होऊन बसेल.

येथे एक चूक हमखास होते. दट्ट्या सर्वांत वर दोन वेळा येतो. एकदा मिश्रण दाबून आणि एकदा धूर बाहेर काढून. दुसऱ्या वेळी उत्सर्जन झडप मिटत असते आणि प्रवेश झडप उघडू लागलेली असते. त्या जागी टॅपेट कॅमने उचललेले असतात. तेथे मोकळीक ठरवली, तर नंतर साखळी फार सैल होईल. ओळख सोपी आहे. चाक किंचित मागे-पुढे करा. पुशरॉड हलत असतील, तर जागा चुकली. दोन्ही निश्चल असतील, तर जागा बरोबर.

आता मोजमाप. आणि त्याचे उपकरण म्हणजे तुमची दोन बोटे! पुशरॉड अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा, पेन फिरवतो तशी. मग वर-खाली हलवून पाहा. तीन गोष्टींपैकी एक घडेल.

ती फिरतच नाही, किंवा जोर लावल्यावर फिरते. साखळी घट्ट आहे. हाच तो गप्प धोका.

ती सहज फिरते, पण वर-खाली हलवली की खडखडते. साखळी सैल आहे. टिक् आवाज येथूनच येत होता.

ती बोटांनी सहज फिरते आणि वर-खाली मात्र मुळीच हलत नाही. हेच शून्य.

थोडा विचार करा, ही परीक्षा किती सुंदर आहे! दाब असला, तर घर्षण होऊन कांडी अडते. फट असली, तर कांडी वर-खाली हलते. दाबही नाही आणि फटही नाही, अशी एकच जागा आहे. कोणतेही महागडे उपकरण न घेता बोटे ती ओळखतात.

मोकळीक बदलण्याची सोय पुशरॉडच्या पायाशीच आहे. तेथे आट्यांनी एकमेकांत बसलेले दोन भाग असतात आणि त्यांना जखडून ठेवणारा लॉकनट असतो. एका पान्याने एक भाग धरून ठेवा, दुसऱ्याने लॉकनट सैल करा. मग आटे थोडेथोडे फिरवून साखळीची लांबी कमी-जास्त करा. दर वेळी बोटांनी कांडी फिरवून पाहा. मनाजोगे झाले, की लॉकनट आवळा आणि पुन्हा फिरवून पाहा. लॉकनट आवळताना आटे हमखास किंचित सरकतात. मघाशी बरोबर असलेले आता घट्ट झालेले असू शकते. असे दोनतीनदा करावे लागले, तरी कंटाळू नका.

दोन्ही पुशरॉड झाल्या, की चाकाने इंजिनाचे दोन फेरे पूर्ण करा, पुन्हा त्याच जागी या आणि पुन्हा तपासा. मग झाकण लावा. त्याचा नट बेताने आवळा. जास्त आवळल्याने झाकण वाकते आणि तेल गळू लागते.

इंजिन सुरू केल्यावर हलकी टिक् टिक् राहिली, तर घाबरू नका. ती तापलेल्या इंजिनातली फट बोलते आहे. काकांनाही तसे सांगा.

करून पाहा

बुलेट नसली तरी प्रसरण मोजता येते. स्वेटर विणण्याची ॲल्युमिनियमची लांब सुई घ्या. दोन सारख्या उंचीच्या पालथ्या वाट्यांवर ती आडवी ठेवा. एका टोकावर वजन ठेवून ते पक्के करा. दुसऱ्या टोकाखाली, वाटीच्या बुडावर, एक शिवणाची सुई आडवी ठेवा. तिच्या नाकात गवताची हलकी काडी काट्यासारखी खोचा. विणण्याची सुई शिवणाच्या सुईवर नीट टेकलेली असू द्या. आता मेणबत्तीने विणण्याची सुई मधल्या भागात सर्वत्र तापवा. काडी हळूहळू वळू लागेल!

असे का होते? लांब सुई वाढते आणि शिवणाच्या सुईला रुळासारखी लोळवते. समजा, ३०० मिमी. लांबीची सुई सरासरी ५० अंशांनी तापली. ती सुमारे ०.३५ मिमी. वाढेल. शिवणाची सुई १ मिमी. जाड असेल, तर काडी सुमारे २० अंशांच्या कोनातून वळेल. डोळ्यांना न दिसणारी वाढ काडीने दाखवली. मेणबत्ती विझवल्यावर काडीकडे पाहत राहा. हाच प्रयोग पोलादी सायकलच्या आऱ्यावर करा आणि लांबीच्या मानाने कोण अधिक वाढते ते नोंदवा.

शिक्षकांना सुचवावेसे वाटते, की गोळा आणि कडे यांचा नेहमीचा प्रयोग झाल्यावर हा प्रयोग घ्यावा. त्यातून 'वाढते' यापुढे जाऊन 'किती वाढते' हे मुलांना कळते.

तुमच्या आसपासची इंजिने

सगळ्या मोटारसायकलींत टॅपेट शोधू नका. जुनी राजदूत, जावा, येझ्दी यांची इंजिने दोन धावांची. त्यांत अशा झडपा नसतात. दट्ट्याच सिलिंडरच्या भिंतीतील भोके झाकतो आणि उघडतो. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १००मध्ये चार धावांचे इंजिन होते. तशा इंजिनांत थंडपणी काही शतांश मिलिमीटरची फट ठेवावी लागते. २००८नंतर आलेल्या अनेक बुलेटमध्ये तर टॅपेटच तेलाच्या दाबाने स्वतःची लांबी सांभाळतात, त्यांना हात लावायचा नसतो. म्हणून नियम एकच. ज्या इंजिनाचे काम, त्याच इंजिनाची हस्तपुस्तिका. 'थंडपणी शून्य' हा जुन्या बुलेटचा नियम दुसऱ्या गाडीला लावला, तर तिची झडप जळेल.

शेतावरच्या विहिरीजवळ जुने डिझेल इंजिन असेल, तर तेही पाहा. तेथे रॉकर आणि झडपेची दांडी यांमध्ये फट ठेवतात. ती मोजायला फिलर गेज वापरतात. नेमक्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा तो जुडगा असतो. योग्य जाडीची पट्टी फटीतून किंचित अडखळत सरकली, की माप बरोबर.

एवढी लहान जाडी डोळ्यांपुढे कशी आणाल? शंभर पानांची, म्हणजे शंभर कागदांची वही घ्या. पुठ्ठे सोडून तिची जाडी पट्टीने मोजा आणि १०० ने भागा. एका कागदाची जाडी मिळेल, सुमारे एक दशांश मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर झडपेचे आयुष्य अवलंबून असते.

जाता जाता तीन प्रश्न. उत्तरे वहीत लिहा आणि शिक्षकांना दाखवा.

१. बुलेटच्या ॲल्युमिनियमच्या पुशरॉडऐवजी कोणी पोलादाची बसवली आणि थंडपणी फट शून्यच ठेवली, तर तापलेले इंजिन अधिक वाजेल की कमी?

२. प्रवेश झडपेपेक्षा उत्सर्जन झडप लवकर का जळते?

३. गाडी तासभर चालवून आणल्याबरोबर दादाने फट शून्य केली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पुशरॉड बोटांनी फिरेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दादाला आधी सांगा, मग वहीत लिहा.